काटा अम्माच्या पेटीत

मागच्या महिन्यात सोलापूरच्या दवाखान्यात तपासणीला गेले होते. बाकावर शेजारी तुळजापूरकडच्या एक बाई बसल्या होत्या. चार दिवसांनी त्यांचं पोटाचं ऑपरेशन होतं, वजन कमी करायचं, जे माझं जानेवारीत झालं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत निरखलं आणि विचारलं, "बाई, एक सांगा. घरी वजनकाटा कंचा घ्यावा? काचंचा का पत्र्याचा?"

दुखतं का, टाके किती, भीती वाटली का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. मी म्हणाले, "घेऊच नका." त्यांना वाटलं मी उडवून लावलं. तेवढ्यात त्यांना आत बोलावलं आणि बोलणं अर्धवट राहिलं. त्यांना द्यायचं उत्तर जरा लांब आहे. ते इथं लिहिते.

गुडघा दाखवायला गेले होते

माझं नाव रेहाना. परंड्यात राहते आणि जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. नवरा युनूस, त्यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मुलगी सना आठवीत. आणि सासूबाई, ज्यांना अख्खी गल्ली अम्मा म्हणते. घरात आम्ही दख्खनी बोलतो, पण इथं मी सगळ्यांना मराठीत बोलायला लावलंय.

माझं वजन होतं एकशे अठरा किलो. मी डॉक्टरांकडे गेले ती गुडघा घेऊन. त्यांनी गुडघ्याला हात लावला, साखर तपासली, ती वाढलेली निघाली, मग झोपेबद्दल विचारलं. युनूसनी सांगून टाकलं की झोपेत हिचा श्वास मध्येच थांबतो, आणि तो परत सुरू होईपर्यंत मी मोजत बसतो. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पंधरा वर्षांच्या संसारात माणूस शेजारी श्वास मोजत होता आणि मला पत्ता नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "बाई, हा आजार आहे. तुम्ही आळशी आहात म्हणून झालेला नाही."

लहानपणापासून मी "तोंडावर ताबा ठेव" हे एकच औषध ऐकत आले होते. त्यामुळं आजार म्हटल्यावर रडू यायच्या ऐवजी मला प्रश्नच पडायला लागले. भूक नेमकी कुठून लागते? पोट कापलं तर उरलेलं पोट रागावत नाही का? कापलेला तुकडा कुठं जातो? डॉक्टर हसले, कागद ओढून चित्र काढून दाखवलं. पोटाची पिशवी, तिचा मोठा भाग काढायचा, उरते ती केळ्यासारखी बारीक नळी. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि बसमध्ये चारदा उघडून बघितला.

घरी अम्मा म्हणाल्या, "अल्लानं धडधाकट दिलेलं पोट कापून घेणार? लई शिकलीस गं तू." मग तीन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. भाकरी माझ्यापुढं ठेवायच्या, पण मान वळवून. युनूस दोघींच्या मधे. "अम्मा, ती रातभर गुदमरती," एवढंच ते म्हणायचे. अम्मा म्हणायच्या, "मग उशी बदला."

खोटं कशाला बोलू, भीती होतीच. ऑपरेशनच्या कागदावर मी केलेली सही बघून शाळेतली माझी मुलं म्हणाली असती, बाई, ही सही तुमची नाही.

तीस मिलीचा पेला

शुद्धीवर आल्यावर मी युनूसना पहिलं काय विचारलं असेल? "दाखवलं का तुम्हाला?" काढलेला भाग नातेवाइकांना दाखवतात हे मी आधीच विचारून ठेवलं होतं.

"दाखवलं."

"कसं होतं?"

"लांबट वांग्यासारखं. फिकट."

"फोटो काढला?"

"अगं, फोटो कशाला काढू?"

मी खरंच चिडले. सिस्टर हसत बाहेर गेल्या.

दवाखान्यातले दिवस एका इवल्याशा प्लास्टिकच्या पेल्याभोवती फिरले. तीस मिली पाणी, तेही घोट घोट, पंधरा मिनिटांत. आयुष्यभर तांब्यानं पाणी पिणारी मी, आणि आता दोन घोटांत पोट भरायचं. तेव्हा पहिल्यांदा पाण्याला चव असते असं वाटलं. दर दोन तासांनी सिस्टर उठवायच्या, आणि मी सलाईनचा स्टँड ढकलत व्हरांड्यात चालायचे. समोरून एक आजोबा तसेच यायचे. आम्ही एकमेकांना ट्रक ड्रायव्हरसारखा हात करायचो. दुखायचं, मळमळायचं, खांद्यात गॅसची कळ यायची. पण मजा म्हणजे भूक नव्हती. जिच्याशी एवढी वर्षं भांडले ती भूक गेली कुठं, हे मी पडल्या पडल्या शोधत राहायचे, जीभ पडलेल्या दाताची जागा शोधत राहते तशी.

सुट्टी देताना आहाराच्या मॅडमनी सगळं समजावलं. पंधरा दिवस पातळ, मग मऊ, पाणी दिवसभर थोडं थोडं, गोळ्या कधीच चुकवायच्या नाहीत. आणि शेवटी म्हणाल्या, "वजन इथं महिन्यातून एकदा करू. घरी रोज करू नका."

बाकी सगळं मी वहीत लिहून घेतलं. हे लिहिलं नाही.

प्रयोग

घरी आल्यावर चौथ्या दिवशी काटा आणला. काचेचा, आकडे निळे दिसणारा. पहिल्या आठवड्यात रोज आकडा खाली यायचा. एकशे पंधरा, एकशे चौदा, एकशे तेरा पॉइंट दोन. असं वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या परीक्षेत रोज पहिली येतेय. सना टाळ्या वाजवायची. युनूस दुकानातून फोन करायचे, "आज काय म्हणतोय काटा?"

आणि मी विज्ञानाची बाई. मला नुसता आकडा पुरेना. सतरंजीवर काटा ठेवला तर वजन कमी येतं, शहाबादी फरशीवर ठेवला तर जास्त. का? पेलाभर पाणी पिण्याआधी आणि प्यायल्यावर करून बघितलं. अंघोळीआधी, अंघोळीनंतर, केस ओले, केस वाळलेले. ओल्या केसांनी दोनशे ग्रॅम वाढतात, हे तुम्हाला माहीत होतं? मला झालं. ग्राफच्या वहीत रेघ काढली. सना शेजारी बसून बिंदू जोडायची.

इथपर्यंत ते कुतूहल होतं, आणि मी आजही त्याला नावं ठेवणार नाही. ते कधी पालटलं तो दिवस मला नेमका सांगता येत नाही. एवढं आठवतं की ऑपरेशननंतरच्या तेविसाव्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत सात वेळा काट्यावर उभी राहिले, आणि त्यातला एकही प्रयोग नव्हता.

काटा एकशे नऊ पॉइंट चारला अडला होता. सलग नऊ दिवस. नंतर कळलं की हे जवळजवळ सगळ्यांचं होतं, शरीर जरा थांबतं, पाणी धरतं, मग पुढं निघतं. तेव्हा मला वाटलं, माझंच पोट परत वाढलं. डाळीचं पाणी निम्मं केलं. मग दही बंद. सकाळच्या गोळ्या काट्यावर उभं राहून झाल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, कारण गोळीलाही वजन असतं. हे वाक्य आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा ते मला अगदी शास्त्रीय वाटायचं. आणि शेवटी पाणी. पाणी तर सरळ आकड्यात दिसायचं, मी स्वतःच सिद्ध केलं होतं.

घराची हवा त्या निळ्या आकड्यावर ठरायला लागली. युनूस आधी माझं तोंड बघायचे, मग बोलायचे की नाही ते ठरवायचे. एका सकाळी अम्मांनी दुधी भोपळा शिजवून, घोटून, गाळून माझ्यासाठी वाटीत आणला. तीन आठवड्यांच्या अबोल्यानंतर त्यांनी आपणहून केलेली ती पहिली गोष्ट. मी नुकतीच काट्यावरून उतरले होते. म्हणाले, "तुम्हाला माझं वजन कमी झालेलं बघवत नाही." अम्मा वाटी घेऊन परत आत गेल्या.

सलाईनची बाटली

शाळेत परत रुजू झाले त्याच्या सहाव्या दिवशी, सातवीच्या वर्गात मोड आलेली मटकी दाखवत होते. फेब्रुवारीचा शेवट, ऊन तापायला लागलं होतं. टेबलाला हात टेकवला तो टेबलच लांब गेलं. डोळे उघडले तेव्हा सातवीतली एक मुलगी वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती आणि मटकी सगळीकडे सांडली होती.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी जिभेकडं बघितलं, कातडी चिमटीत धरून सोडली. "पाणी पीत नाही का तुम्ही?" लगेच सलाईन लावली. युनूस दुकान टाकून आले, हाताला अजून मोटारीचं वार्निश. ते येऊन बसले तेव्हा मी सिस्टरला विचारत होते:

"सिस्टर, ही बाटली किती मिलीची?"

"पाचशेची. अजून एक लावायचीय."

"म्हणजे एक किलो. एकच लावली तर नाही चालणार?"

सिस्टरला काही कळलं नाही. युनूसना कळलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि मग ते नजर खाली करून हाताचं वार्निश नखानं खरवडत राहिले. म्हणाले, "रेहाना, तू जगावीस म्हणून कापून घेतलं होतं आपण."

बाटलीतून थेंब पडत होते. मी ते मोजत होते, तेही थांबवता येत नव्हतं.

वहीची मागची पानं

खरा धक्का घरी होता. दोन दिवस मी अंथरुणावर होते. ग्राफची वही मागितली तर सना म्हणाली, सापडत नाही. ती तिच्याच दप्तरात होती. मागच्या पानांवर दुसरी रेघ होती, हिरव्या पेनानं. एक्केचाळीस पॉइंट सहा. एक्केचाळीस पॉइंट एक. चाळीस पॉइंट आठ. महिनाभर रोज.

तेरा वर्षांची पोर. मी अम्मांना हाक मारली. "सना डबा खाते का?"

अम्मा उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "डबा भरलेलाच परत येतुया. मी तुला सांगणार व्हते. तू त्या काट्याबिगर कुणाचं ऐकत व्हतीस का?"

सनाला जवळ बसवलं. रागावायचं नाही असं ठरवलं होतं, पण आवाज चढलाच. "तुला कशाला हवंय हे? तुझं वजन बरोबर आहे."

ती म्हणाली, "बरोबर किती असतंय, अम्मी?"

मग म्हणाली, "तुझा आकडा कमी आला की तू हसतीस. मला वाटलं, माझा पण कमी आला तर तू हसशील."

यापुढं त्या दिवसाचं मला फारसं लिहिता येणार नाही.

गिरणी

आहाराच्या मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. गोळ्यांचं, पाण्याचं, सनाचं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काट्याकडून नक्की काय माहिती पाहिजे असते?"

"माझी तब्येत सुधारतेय का ते."

"काटा तुमचं पाणी, हाडं, रक्त, पोटातलं अन्न, अंगावरचे कपडे, सगळं एकत्र करून एक आकडा सांगतो. तुम्ही विज्ञान शिकवता. एवढ्या गोष्टी एकदम बदलत असताना त्या एका आकड्यावरून तुम्ही मुलांना निष्कर्ष काढू द्याल?"

नसता काढू दिला. वहीवर लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं असतं.

त्या सनाशीही बोलल्या, वेगळं, मला बाजूला जायला सांगून. आणि म्हणाल्या, काटा आजच्या आज घरातून हलवा.

युनूस म्हणाले फोडून टाकतो. मला ते सहन होईना, आणि सहन होत नाही याचीच भीती वाटली. तेव्हा अम्मा पुढं आल्या. काटा उचलला, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळला, आपल्या लोखंडी पेटीत गोधड्यांखाली घातला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "ज्याला मोजायचंय त्यानं मला मागायचं," म्हणाल्या.

मी मागितलं. तिसऱ्याच दिवशी. "अम्मा, एकदाच. फक्त बघते."

"न्हाय."

"अम्मा, मी काय लहान आहे का?"

"व्हय."

पाचव्या दिवशी मी पिठाच्या गिरणीत गेले. तिथं धान्य तोलायचा मोठा काटा असतो, जमिनीलगतचा. गिरणीवाले चाचा आत पट्टा बसवत होते. मी चप्पल काढून वर उभी राहिले. आकडा स्थिर होतोय तोवर चाचा बाहेर आले. माझ्याकडं बघितलं, काट्याकडं बघितलं.

"बाई, दळण कुठंय?"

काय सांगणार? मी खाली उतरले आणि म्हणाले, "विसरले." घरी येऊन अम्मांना सांगितलं. अम्मा एवढ्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. त्यांचं हसू बघून मीही हसले. हसता हसता मी त्यांची त्या दुधीच्या वाटीबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "आता खाशील का?" आणि लगेच दुधी चिरायला घेतला.

दुसरे प्रश्न

मग मी कुतूहलाला दुसरं काम दिलं. नवी वही घेतली, आणि रोज एक प्रश्न लिहायचा असं ठरवलं, ज्याचं उत्तर आकड्यात येणार नाही. काही दिवस जमलं, काही दिवस वही उघडलीच नाही. त्यातले थोडे सांगते.

आज चहा इतका गोड का लागला, साखर तेवढीच असून? भूक आणि खायची इच्छा वेगळी ओळखता येते का? (येते. भूक पोटापाशी असते, इच्छा कानामागं, भज्यांचा आवाज आला की.) ऐन मे महिन्यात मला पंख्याखाली थंडी का वाजते? केस एवढे का गळतात? हे मॅडमना विचारलं. म्हणाल्या, ऑपरेशननंतर काही महिने गळतात, डाळ, अंडी नीट खा, परत येतील. येतायत, कपाळाजवळ उभे राहिल्यासारखे.

एका शुक्रवारी नमाजला मी सवयीनं खुर्ची ओढली, मग ती बाजूला सारली आणि बसून बघितलं. खाली. सजद्याला कपाळ जमिनीला टेकलं. सात वर्षांनी. अम्मा शेजारीच होत्या. त्यांनी नमाजाचा शेवटचा सलाम फेरला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पोट कापून हे जमतं व्हय?" त्यांची शस्त्रक्रियेला मंजुरी मिळायला असे पाच महिने लागले.

युनूस आता श्वास मोजत नाहीत. साखरेची गोळी डॉक्टरांनी बंद केली. शाळेच्या मुलांबरोबर परंड्याच्या किल्ल्याच्या तटावरून पूर्ण फेरी मारली, तोफेपाशी दम घ्यायला थांबले, पण मुलंही थांबली होती.

सगळं सुरळीत झालं असं सांगून तुम्हाला फसवणार नाही. अजूनही कुठं वजनकाटा दिसला की पाय तिकडं वळतात. सनाचं तर हळूहळूच. ती जेवायची, पण पानातलं बोटानं वेगळं करत, कुणाचं लक्ष आहे का बघत. आम्ही तिला जेव म्हणायचं सोडलं. मॅडमनीच तसं सांगितलं होतं. फक्त एकत्र जेवायला बसायचं, सगळ्यांनी, आणि वजनाचं नाव काढायचं नाही. माझी वाटी अर्धी, तिचं ताट पूर्ण. वाढलेलं उरलं तरी कुणी काही बोलायचं नाही. हे फार अवघड असतं.

बार्शीचा स्टँड

आठव्या महिन्याच्या तपासणीला सना बरोबर आली. सुट्टी होती, तिला सोलापूर बघायचं होतं. दवाखान्यात मी महिन्यातून एकदाच्या माझ्या हक्काच्या काट्यावर उभी राहिले. पंच्याऐंशी पॉइंट आठ. मागच्या महिन्यात चौऱ्याऐंशी पॉइंट सहा होतं.

वाढलं होतं.

मागं सना उभी होती, तिनंही आकडा वाचला होता, आणि ती आकडा सोडून आता माझं तोंड बघत होती. मला ते पाठीला जाणवलं.

"हे कशामुळं असेल, मॅडम?" मी विचारलं. माझा आवाज बराचसा सरळ आला.

मॅडमनी विचारलं, पाळी जवळ आहे का, चालणं वाढलंय का, पोट साफ आहे का. तिन्हीला हो, हो, आणि नाही. त्या म्हणाल्या, "यातलं काहीही असेल. रिपोर्ट सगळे चांगले आहेत. पुढच्या महिन्यात बघू." मी म्हणाले, "बघू." आणि उतरून चप्पल घातली.

परतीची बस बार्शीला थांबली. कंडक्टर म्हणाले दहा मिनिटं. सना खिडकीला डोकं टेकवून बसली होती. बाहेर गाड्यावर डोसे पडत होते, तव्यावर पाणी शिंपडल्याचा आवाज येत होता. ती सरळ झाली, आणि फेब्रुवारीपासून जे मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं ते म्हणाली.

"अम्मी, मला लई भूक लागली."

खाली उतरले, एक मसाला डोसा बांधून घेतला, चटणी जास्त मागितली, आणि कंडक्टरनी घंटी मारली तेव्हा अक्षरशः पळत बसमध्ये चढले. सनानं पुडी मांडीवर उघडली. इकडं तिकडं न बघता खायला लागली, बोटं चाटत, बटाट्याची भाजी आधी.

अर्धा डोसा संपल्यावर तिनं विचारलं, "तुला?"

"मला दोन घास ठेव."

तिनं एकच ठेवला.